माळशेजचे धुके आणि उसातील पाणंद: पिकअपला जादा दिवे कोणते आणि कसे बसवावेत?

ओतूर_शिवार यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे महिंद्राची बोलेरो पिकअप आहे आणि ओतूर परिसरातील टोमॅटो, कोथिंबीर व हंगामात कांदा असा माल मी रात्री माळशेज घाटाने कल्याणच्या बाजार समितीत पोहोचवतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात गाडीचे मूळ हॅलोजन दिवे मला पुरतात. परंतु पावसाळ्यात घाटात जे धुके उतरते, त्यात वळणावरचा कठडा, रस्त्याची कड आणि दरडीतून सुटून आलेले दगड अगदी जवळ गेल्याखेरीज दिसत नाहीत. अप्पर लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि डिपरवर उजव्या वळणाचा अंदाज येत नाही.

दुसरी गरज शेतावरची आहे. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असते तेव्हा डांबरी रस्ता सोडून पाणंदीने विहिरीपर्यंत जावे लागते. दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, चाकोऱ्यांमध्ये पाणी साचलेले असते आणि आमच्या भागात बिबट्याचा वावर आता नित्याचाच झाला आहे. त्याशिवाय तोडणी उशिरापर्यंत चालली, तर बांधावर अंधारातच क्रेट भरावे लागतात.

मी दोन-तीन दुकानांमध्ये चौकशी केली. एकाने टपावर लांब एलईडी लाइट बार सुचवला, दुसऱ्याने पुढे क्रॅश गार्ड लावून त्यावर चार गोल दिवे बसवावेत असे सांगितले, आणि तिसऱ्याने हेडलाइटमध्येच ६००० केल्व्हिनचे (म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचे) एलईडी बल्ब घालण्याचा आग्रह धरला. सर्व मिळून दहा-बारा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. या तिन्ही उपायांपैकी घाटात खरोखर उपयोगी काय पडेल, मूळ वायरिंगला धक्का न लावता ते कसे जोडावे आणि पासिंगच्या वेळी अडचण येऊ नये म्हणून काय पाहावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

घाटवाट यांचे उत्तर

आपण दोन्ही गरजा वेगवेगळ्या मांडल्या हे फार चांगले केले, कारण त्यांची उत्तरेही वेगळी आहेत आणि एकाच दिव्याने दोन्ही भागवण्याच्या प्रयत्नातच बहुतेकांचे पैसे वाया जातात. मी घाटातील धुक्यापासून सुरुवात करतो.

धुक्यामध्ये आपल्याला जो पांढरा पडदा दिसतो, तो आपल्याच दिव्यांचा उलट फिरलेला प्रकाश असतो. हवेतील पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि त्यातील काही भाग थेट आपल्या डोळ्यांकडे परततो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ आणि त्याचा झोत नजरेच्या रेषेला जितका समांतर, तितका हा परतलेला प्रकाश अधिक त्रास देतो. टपावरचा लाइट बार धुक्यात निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने: तो चालकाच्या डोळ्यांपासून जेमतेम हातभर उंचीवर असतो, त्याचा झोत आपण जिथून पाहतो त्याच हवेतून पुढे जातो, आणि बोलेरोसारख्या लांब बॉनेटच्या गाडीत बॉनेटवरून परावर्तित होणारा प्रकाश काचेवर येतो तो वेगळाच. दिव्याची शक्ती वाढवली की हा पडदा अधिक उजळ होतो, पलीकडचा दगड अधिक स्पष्ट होत नाही.

म्हणून फॉग लॅम्प खाली बंपरमध्ये बसवतात. चांगल्या फॉग लॅम्पचे खरे काम त्याच्या झोताच्या आकारात असते. झोत डावी-उजवीकडे खूप रुंद पसरतो, पण वरच्या बाजूला एका आडव्या रेषेवर तो जणू सुरीने कापल्यासारखा संपतो. त्या रेषेच्या वरचे धुके अंधारात राहते आणि आपण त्या अंधाऱ्या धुक्यातून खालच्या उजळलेल्या रस्त्याकडे पाहतो. रस्त्याची कड, पांढरी पट्टी आणि कठड्याचा पाया एवढे दिसले, की घाटातील वेगाला ते पुरते. ज्या दिव्याच्या प्रकाशाला वरची कड नाही, तो दुकानदाराने फॉग लॅम्प म्हणून विकला तरी धुक्यात त्याचा उपयोग नाही. दुकानातच दिवा भिंतीसमोर पेटवून पाहावा. वरची रेषा स्पष्ट दिसली नाही तर तो घेऊ नये.

पिवळ्या प्रकाशाविषयी बरेच गैरसमज आहेत. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. त्यामुळे पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असे म्हणता येत नाही. त्याचा फायदा डोळ्यांच्या बाजूने आहे. त्यातून निळा भाग काढून टाकलेला असल्याने परतलेल्या प्रकाशाची चमक डोळ्यांना कमी बोचते आणि रात्रभर गाडी चालवणाऱ्याला ते सुसह्य वाटते. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, ते याच विचाराने. तेव्हा सुमारे ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा आपण जरूर घ्या, पण निवड करताना झोताचा आकार आधी आणि रंग नंतर पाहा. ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा मात्र धुक्यासाठी आणि ओल्या काळ्या डांबरासाठी मी कोणालाही सुचवणार नाही.

हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालण्यालाही माझा ठाम विरोध आहे. एच४ दिव्याचा (अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असलेल्या हेडलाइटचा) परावर्तक हॅलोजन बल्बमधील बारीक तारेच्या नेमक्या जागेनुसार आखलेला असतो. एलईडीच्या चकत्या त्याच जागी, त्याच आकारात बसत नाहीत, त्यामुळे डिपरची वरची कड विस्कटते, प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि धुक्यात आपल्याच अंगावर येतो. दिवा उजळ झाल्याचे समाधान गाडीजवळच्या दहा-पंधरा मीटरमध्ये मिळते, त्यापुढे नाही.

आता पिकअपच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. कोणताही नवा दिवा घेण्यापूर्वी भरलेल्या गाडीत आपले मूळ दिवे कुठे पाहतात, हे तपासा. माल भरल्यावर मागचे पाटे बसतात आणि गाडीचे नाक वर उचलले जाते. दोन चाकांमधील अंतर सुमारे ३ मीटर धरले आणि मागची बाजू १० सेंटीमीटर खाली बसली, तर झोत दर मीटरला ३.३ सेंटीमीटर वर उचलला जातो. डिपरचा झोत मुळात दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर एवढाच खाली झुकवलेला असतो. म्हणजे भरलेल्या गाडीचा डिपर खाली पाहण्याऐवजी वर पाहू लागतो, आणि २५ मीटरवर त्याची कड दिव्याच्या उंचीपेक्षाही सुमारे अर्धा मीटर वर गेलेली असते. ती समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांच्याही वर असते. डिपरवरही पुरेसे दिसत नाही अशी आपली जी तक्रार आहे, तिचा मोठा भाग मला यातच दिसतो. ज्या गाडीत हेडलाइट वर-खाली करण्याची चकती दिलेली असते, तिच्यात माल भरल्यावर ती फिरवण्याची सवय लावून घ्यावी. नसेल तर दिव्यामागच्या स्क्रूने झोत भरलेल्या गाडीनुसार लावून घ्यावा.

फॉग लॅम्पचा झोतही माल भरलेला असतानाच लावावा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून चाकांतील हवा बरोबर आहे याची खात्री करावी, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे आणि दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारावी. झोताची वरची कड त्या रेघेच्या २० सेंटीमीटर खाली आणावी. दिवा ६० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर भरलेल्या गाडीत प्रकाश सुमारे ३० मीटरपर्यंत पोहोचेल आणि रिकाम्या गाडीत तो साधारण ११ मीटरवर येईल. दाट धुक्यात ताशी २५ किलोमीटर वेगाने उतरताना ओल्या रस्त्यावर चालकाची प्रतिक्रिया आणि ब्रेक मिळून गाडी थांबायला १७ मीटरच्या आसपास अंतर लागते, म्हणून भरलेल्या गाडीला ही मांडणी पुरेशी आहे. परतताना रिकाम्या गाडीचा वेग त्याहून कमी ठेवावा. दिसते त्यापेक्षा लांब थांबणारी गाडी कोणत्याही दिव्याने सुरक्षित होत नाही.

वायरमन_संगमनेर यांचे उत्तर

घाटवाट यांनी प्रकाशाची बाजू मांडली आहे, त्यामुळे मी फक्त जोडणीविषयी लिहितो.

नवे दिवे बसवण्याआधी जुन्या दिव्यांना पूर्ण दाब मिळतो आहे की नाही, हे मल्टिमीटरने पाहावे असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. इंजिन चालू आणि दिवे पेटलेले असताना आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग बल्बच्या कपलरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.५ आणि बल्बवर १२.५ असेल, तर हॅलोजनचा जवळजवळ पाव भाग प्रकाश वाटेतच नाहीसा झालेला असतो, कारण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. जुन्या गाड्यांमध्ये गंजलेला अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली ऋण जोडणी), सैल कपलर आणि झिजलेला कॉम्बिनेशन स्विच ही याची नेहमीची कारणे आहेत. अर्थची जागा खरडून स्वच्छ केली आणि हेडलाइटसाठी रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असलेला स्वतंत्र हार्नेस, म्हणजे वायरचा जोडसंच, टाकला, तर नव्या दिव्याशिवायही फरक लक्षात येतो. याउलट १००/९० वॅटचे बल्ब घालून प्रकाश वाढवू नये. त्याने कपलर वितळतो आणि परावर्तकाचा मुलामा करपतो.

फॉग लॅम्पसाठी चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्यावा. त्याच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी वायर, ८७ ला दिव्यांकडे जाणारी वायर, ८६ ला डॅशबोर्डवरील स्विचकडून येणारी बारीक वायर आणि ८५ ला अर्थ जोडावा. स्विचला वीज पार्किंग दिव्याच्या सर्किटमधून द्यावी, म्हणजे गाडीचे दिवे बंद केल्यावर फॉग लॅम्प चुकून पेटता राहत नाही. रिलेच्या कॉइलला अँपिअरच्या पाव भागापेक्षाही कमी प्रवाह लागतो, त्यामुळे मूळ सर्किटवर भार येत नाही. दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीकडून रिलेमार्गे थेट जातो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच असला पाहिजे, आणि या एका गोष्टीवर मी कोणतीही तडजोड करत नाही. फ्यूज दिव्याजवळ बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सारी वायर संरक्षणाविना राहते, आणि ती कुठे पत्र्यावर घासून कापली गेली तर आग लागण्यापूर्वी तिला थांबवणारे काहीच नसते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे मिळून सुमारे ८ अँपिअर घेतात, त्यांना १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लावावी. २० वॅटचे दोन एलईडी दिवे जेमतेम ३ अँपिअर घेतात, त्यांना ५ किंवा ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, दोष शोधावा.

वायर पिळून तिच्यावर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण माळशेजच्या पावसात असा जोड एक पावसाळाही धड काढत नाही. पाणी वायरच्या आवरणाच्या आत केशाकर्षणाने चढते आणि तांबे हिरवे पडते. वायरच्या टोकावर थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवावी, तिच्यावर उष्णतेने आवळणारी नळी घालावी आणि संपूर्ण वायर नालीदार पाइपमधून न्यावी. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, रेडिएटरचा पंखा आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून वायर दूर ठेवावी. केबिनमध्ये शिरताना पत्र्याच्या भोकाला रबरी बुश लावावा. अर्थ घेताना पत्र्यावरचा रंग खरडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा आणि वरून ग्रीस लावावे. आपली गाडी शेतात उभी राहते, त्यामुळे उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे पावसाळ्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून पाहणेही आवश्यक आहे.

दिवा निवडताना खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि त्यापुढचा देशाचा क्रमांक, तसेच फॉग लॅम्पसाठी ‘बी’ किंवा ‘एफ३’ हे चिन्ह काचेवरच कोरलेले आहे का ते पाहा. खोक्यावरच्या छपाईला तेवढा अर्थ नाही. पाण्यापासून संरक्षणासाठी आयपी ६७ हा दर्जा किमान असावा, कारण त्यात १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी असते. गाडी नेहमी दाबाच्या पाण्याने धुतली जात असेल, तर आयपी ६९के दर्जाचा दिवा मिळाल्यास उत्तम. तरीही धुताना फवारा थेट दिव्याच्या सांध्यावर धरू नये.

वाहन_नियम यांचे उत्तर

पासिंगच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आपली गाडी मालवाहू आहे आणि तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे खासगी गाडीच्या मालकापेक्षा आपण या बाबतीत अधिक काळजी घेणे भाग आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिव्यांविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत. नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत असा खाली झुकलेला असावा, की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर आणि १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवणार नाही. नियम १११ नुसार स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट गाडीच्या पुढे बसवण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनेच ते बसवता येतात. टपावरचा लाइट बार आणि लांब पल्ल्याचे गोल दिवे या नियमाच्या कक्षेत येतात असे समजूनच निर्णय घ्यावा. त्यावर झाकण घालून रस्त्यावर फिरणारे अनेक जण दिसतात, परंतु नियमाचा आक्षेप दिवा बसवण्याला आहे, त्यामुळे झाकणावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फॉग लॅम्पची गोष्ट निराळी आहे. तो मान्यताप्राप्त ऐच्छिक दिवा आहे आणि एआयएस-००८ या मानकात त्याच्या जागेचे व झोताचे निकष दिलेले आहेत.

क्रॅश गार्डचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना असे गार्ड लावणाऱ्या गाड्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते. ते पादचाऱ्याला अधिक जखमी करतात आणि धडकेचा जोर बंपरने शोषून घेण्याऐवजी सरळ चासीपर्यंत पोहोचवतात, हे त्यामागचे कारण आहे. दिव्यांसाठी आधार हवा असेल, तर बंपरच्या मूळ बोल्टवर बसणारी लोखंडी पट्टी पुरेशी होते. तिने नंबर प्लेट झाकली जाऊ नये आणि रेडिएटरकडे जाणारी हवा अडू नये एवढे पाहावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या २०१९ मधील सुधारणेनंतर कलम १८२ए(४) नुसार नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दिव्यांची नोंद आरसीमध्ये नसते, म्हणून गाडीतील फेरबदलांविषयीचे कलम ५२ लागू होत नाही असा युक्तिवाद काही जण करतात. पण दिव्यांसाठी वेगळे नियम असताना त्या युक्तिवादाचा आधार घेण्यात शहाणपण नाही. शेवटी विम्याचे. जादा विद्युत उपकरणे पॉलिसीत आयएमटी २४ या पृष्ठांकनाखाली नोंदवता येतात. नोंद करून घ्या आणि दिव्यांची व कामाची पावती जपून ठेवा, कारण वायरिंगमुळे आग लागल्यास सर्वेक्षक पहिल्यांदा जादा जोडणीच तपासतो.

आळेफाटा_ताई यांचे उत्तर

पाणंदीविषयी थोडे लिहिते. उसातून जाताना लांब पल्ल्याच्या झोताचा काहीच उपयोग होत नाही, कारण वाट वळणाची असते आणि प्रकाश समोरच्या उसावर आदळून परत येतो. तिथे जवळचे आणि बाजूचे दिसणे गरजेचे असते. आमच्या घरच्या पिकअपला बंपरमध्ये रुंद झोताचे फॉग लॅम्प आहेत आणि चाकोरीतील पाणी, बांधाची कड व उसाच्या बुडाशी असलेली हालचाल त्यात चांगली दिसते. बिबट्याचे डोळे साध्या डिपरच्या प्रकाशातही चमकून दिसतात, मात्र तो उसाच्या आत असेल तर कोणताच दिवा त्याला दाखवत नाही. म्हणून विहिरीजवळ गाडी थांबवल्यावर लगेच खाली उतरू नये. इंजिन आणि दिवे चालू ठेवून थोडा वेळ थांबावे, हॉर्न वाजवावा आणि हातात चांगली बॅटरी घेऊनच दार उघडावे. पाणंदीने सायकलवर किंवा पायी येणारी माणसेही असतात. त्यांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश आला, तर त्यांना पाऊल कुठे टाकावे ते कळत नाही, याचाही विचार दिवा निवडताना अवश्य करावा.

ओतूर_शिवार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज टोमॅटोचे क्रेट भरल्यावर गाडी समाजमंदिराच्या भिंतीसमोर उभी करून पाहिली. डिपरची कड दिव्याच्या उंचीच्या बरीच वर जाते आहे, त्यामुळे पहिले काम झोत लावून घेण्याचेच ठरले. लाइट बार आणि क्रॅश गार्ड दोन्ही रद्द केले असून बंपरमध्ये पिवळसर फॉग लॅम्पची जोडी घेणार आहे. एक शंका उरली आहे. बांधावर क्रेट भरताना हौद्यात आणि गाडीच्या मागे उजेड हवा असतो. त्यासाठी मागच्या बाजूला एक पांढरा दिवा लावला तर चालेल का, आणि इंजिन बंद ठेवून तो दोन-तीन तास पेटवल्यास सकाळी गाडी सुरू होण्यास अडचण येईल का?

वायरमन_संगमनेर

बॅटरीची चिंता करण्याचे कारण नाही. १८ वॅटचा एक एलईडी वर्क लॅम्प दीड अँपिअर घेतो, म्हणजे तीन तासांत साडेचार अँपिअर-तास खर्च होतात, आणि ठीक अवस्थेतील बॅटरीला ते सहज झेपतात. हेच काम हॅलोजनच्या दोन दिव्यांवर केले, तर तेवढ्याच वेळात २७ अँपिअर-तासांच्या पुढे खर्च होईल आणि जुनी बॅटरी सकाळी हात टेकेल. दिवा केबिनच्या मागच्या जाळीवर, हौद्याकडे खाली तोंड करून बसवावा. मागच्या फाळक्यापलीकडे प्रकाश जाईल इतका तो उचलू नये.

वाहन_नियम

नियम १०८ नुसार गाडीच्या मागच्या बाजूला लाल रंगाखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दाखवता येत नाही. रिव्हर्सचा दिवा आणि नंबर प्लेटवरचा उजेड यांसारखे ठरावीक अपवाद आहेत. त्यामुळे हा दिवा फक्त शेतात, गाडी उभी असतानाच वापरावा आणि रस्त्यावर येण्यापूर्वी न चुकता बंद करावा. मागून पांढरा प्रकाश दिसला, तर पाठीमागच्या चालकाला आपली गाडी त्याच्याच दिशेने येते आहे असे वाटू शकते, आणि घाटातील धुक्यात हा गोंधळ फार घातक आहे.

वायरमन_संगमनेर

बरोबर आहे. म्हणूनच त्या दिव्याचा स्विच फॉग लॅम्पच्या स्विचपासून दूर, वेगळ्या आकाराचा आणि पेटल्यावर स्वतः लाल उजळणारा घ्यावा. त्याहून खात्रीचा उपाय हवा असेल, तर पाच पिनांचा रिले वापरून दिव्याची वीज ८७ए या पिनेतून घ्यावी आणि कॉइलला इग्निशनची वायर जोडावी. कॉइलला वीज नसताना ही पिन जोडलेली असते आणि वीज मिळताच तुटते, त्यामुळे चावी फिरवून इग्निशन चालू केले की मागचा दिवा आपोआप विझतो आणि लक्षात ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. या दिव्यालाही बॅटरीजवळ स्वतंत्र ५ अँपिअरचा फ्यूज लावायला विसरू नका.